वाचलेला वेळ जातो कुठे?
कार्यालयातील नवी साधने, आपली प्रकृती आणि आपला खिसा

मंडळी, या सदरात आपण एरवी रक्तदाब, साखर, ४०१(के) आणि मृत्युपत्र यांविषयी वाचतो. त्यामुळे ई-मेल, स्लॅक, टीम्स आणि झूम यांच्यावरचा लेख इथे पाहून काहींना वाटेल, की दुसऱ्या पानावरचा मजकूर चुकून इकडे आला. तसे नाही. आपल्यातील बहुतेक नोकरदार मंडळी दिवसाचे आठ-दहा तास याच साधनांच्या संगतीत काढतात. झोप किती मिळाली, पाठ का आखडली, बढती का हुकली आणि नोकरी गेलीच तर हाती काय उरले, या प्रश्नांच्या मुळाशी हल्ली बऱ्याचदा हीच साधने सापडतात. म्हणून आरोग्य आणि अर्थ अशा दोन्ही बाजूंनी त्यांचा हिशेब मांडावा असे वाटले.

मी न्यू जर्सीत एका विमा कंपनीच्या संगणक विभागात प्रकल्पांचे काम पाहते. आमच्या गटातील निम्मी मंडळी इथे, निम्मी पुण्यात हिंजवडीला. मी या विषयाची संशोधक नाही. पण रोजचा अनुभव आणि वाचनात आलेले संशोधन शेजारी शेजारी ठेवले, की एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. ही साधने वेळ वाचवतात हे खरे. पण वाचलेला वेळ आपोआप आपल्या खात्यात जमा होत नाही. तो कुठे घालायचा हे आपण ठरवले नाही, तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी मीटिंगमध्ये खर्ची पडतो.

दोऱ्याच्या पाकिटापासून टीम्सपर्यंत

ज्यांनी १९९० च्या आसपास इथल्या कार्यालयांत नोकरी केली, त्यांना ते पिवळसर, दोरा गुंडाळून बंद करायचे पाकीट आठवत असेल. त्यावर नावांचे रकाने छापलेले असत. आधीच्या माणसाचे नाव खोडायचे, खाली पुढच्याचे लिहायचे आणि पाकीट ट्रेमध्ये टाकायचे. तिसऱ्या मजल्यावरचा कागद सातव्या मजल्यावर पोचायला कधी अर्धा दिवस लागे. भारतात काही पाठवायचे तर फॅक्स, आणि तोही लागेल तेव्हा.

गंमत म्हणजे या सगळ्याला पर्याय निघू शकतो हे त्याच्या कितीतरी आधी दिसले होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी दोन गावांतील माणसे एकाच पडद्यावरील मजकुरावर एकाच वेळी काम करताना दाखवली. पडद्याच्या एका बाजूला सहकाऱ्याचा चेहराही दिसत होता. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर ई-मेल पाठवली. १९८९ मध्ये लोटस नोट्स आले. २००६ पासून गूगलने एकाच कागदावर अनेकांनी लिहिण्याची सोय घराघरांत आणली. स्लॅक २०१४ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टचे टीम्स २०१७ मध्ये बाजारात आले. मग २०२० साली साथ आली आणि जे वीस वर्षांत झाले असते ते वीस दिवसांत झाले. झूमवरील मीटिंगांमधील रोजचे सहभाग डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे १ कोटी होते, ते एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेले. (एक माणूस दिवसात तीन मीटिंगांना बसला तर ते तीन सहभाग धरले जातात, हे लक्षात असू द्यावे.)

फायदा कुठे झाला

आधी चांगले सांगते, कारण ते खरोखर चांगले आहे.

पहिला फायदा म्हणजे सगळ्यांसाठी एकच प्रत. पूर्वी एक अहवाल पाच जणांना ई-मेलने जाई आणि पाच वेगवेगळ्या दुरुस्त्यांसह परत येई. फाइलींची नावे ‘अंतिम’, ‘अंतिम-२’, ‘खरोखर अंतिम’ अशी वाढत जात. आता मूळ प्रत कंपनीच्या किंवा गूगल-मायक्रोसॉफ्टच्या संगणकावर एकाच जागी असते. आपण ती पाहतो, तीतच लिहितो, आणि कोणी कधी काय बदलले याची नोंद आपोआप राहते. चुकून परिच्छेद पुसला गेला तरी कालची प्रत परत आणता येते. या एका सोयीने जुळवाजुळवीचे किती काम कमी केले, हे जुन्या माणसांनाच कळेल.

दुसरा फायदा आपल्यासारख्यांना विशेष. दोन देशांत वाटलेले काम नीट चालले, तर ते रिले शर्यतीसारखे चालते. संध्याकाळी मी अडलेली गोष्ट व्यवस्थित लिहून ठेवते. मी झोपेत असताना पुण्यात तिच्यावर काम होते. सकाळी चहाच्या वेळी उत्तर समोर असते. यासाठी दोघांनी एकाच वेळी जागे असण्याची गरज नसते. मात्र हे सगळे ‘व्यवस्थित लिहून ठेवते’ या तीन शब्दांवर अवलंबून आहे. त्याकडे पुढे येतेच.

खर्च कुठे वाढला

आता दुसरी बाजू. एक साधे गणित पाहा. पाच माणसांच्या गटात दोघादोघांच्या जोड्या होतात १०. माणसे दहा झाली की जोड्या ४५, आणि वीस झाली की १९०. माणसे चौपट, पण बोलण्याच्या वाटा एकोणीसपट. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात हे गणित संगणक प्रकल्पांना लावून दाखवले. तेव्हा निदान प्रत्येक वाटेवर चालायला उठून दुसऱ्याच्या टेबलापर्यंत जावे लागे, त्यामुळे बऱ्याच वाटा ओसच राहत. आता प्रत्येक वाट एका बोटाच्या अंतरावर आहे.

याचा अनुभव घ्यायला कार्यालयातच जायला हवे असे नाही. गणेशोत्सवाच्या जेवणात श्रीखंड ठेवायचे की मोदक, हे चाळीस जणांच्या व्हॉट्सअॅप गटावर ठरवून पाहा. दोनशे निरोप होतात, तीन जण रुसतात, आणि शेवटी कोण काय आणणार हे कोणालाच ठाऊक नसते. तीच यादी एका सामाईक तक्त्यात ठेवली, ‘पदार्थ, किती जणांना पुरेल, कोण आणणार’ असे तीन रकाने केले, की अर्ध्या दिवसात काम होते. माणसे तीच आणि पदार्थही तेच असतात, फक्त कामाला जोगे साधन मिळालेले असते.

दुसरा खर्च लक्ष तुटण्याचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील प्राध्यापिका ग्लोरिया मार्क गेली वीस वर्षे कार्यालयांतील माणसांचे निरीक्षण करीत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास माणूस पडद्यावरील एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटे टिकत असे. अलीकडच्या मोजणीत हा आकडा ४७ सेकंदांवर आला, असे त्यांनी २०२३ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. त्यांचाच २००८ चा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. व्यत्यय आलेली माणसे काम वेळेत संपवतात, इतकेच नव्हे तर घाईने लवकरही संपवतात. पण ताण, वैताग आणि दमणूक वाढते. म्हणजे साहेबाच्या कागदावर नुकसान दिसत नाही. ते नुकसान आपल्या अंगावर निघते.

सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये याचे कारण दाखवले. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो, की मनाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. पोळी तव्यावर ठेवून फोन घ्यावा तसे. फोनवर बोलतो खरे, पण अर्धे लक्ष तव्याकडे असते, आणि पोळी करपते ती करपतेच.

तिसरा खर्च मीटिंगांचा. दहा जणांची एक तासाची मीटिंग म्हणजे एका माणसाच्या कामाचा सव्वा दिवस. पूर्वी दहा जणांना एका खोलीत आणायचे तर खोली शोधावी लागे, म्हणून बोलावणारा दोनदा विचार करी. आता कॅलेंडरवर चार नावे टाकायला दहा सेकंद लागतात.

शंभर वर्षांपूर्वीची वीज आणि आजचा चॅट

मग एवढी साधने येऊनही काम त्या प्रमाणात वाढलेले का दिसत नाही? हा प्रश्न जुना आहे. नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्येच म्हटले होते, की संगणक सगळीकडे दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत. त्यावर १९९० मध्ये पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने विजेचे उदाहरण दिले, आणि ते मला अजूनही सर्वांत पटते.

वाफेच्या काळात कारखान्यात एक मोठे इंजिन असे. छताजवळून एक लांब दांडा फिरे आणि त्यावरून पट्टे खाली येऊन प्रत्येक यंत्र चालवीत. वीज आली तेव्हा मालकांनी काय केले? वाफेचे इंजिन काढून त्या जागी एक मोठी विजेची मोटर बसवली. दांडा तोच आणि पट्टेही तेच. फायदा जेमतेम झाला. प्रत्येक यंत्राला स्वतःची लहान मोटर बसवून कारखान्याची मांडणीच बदलली, तेव्हा कुठे उत्पादन वाढले. त्याला सुमारे चाळीस वर्षे लागली. अमेरिकेत ते १९२० च्या दशकात घडले.

आपली बहुतेक कार्यालये अजून पहिल्या पायरीवर आहेत. दोऱ्याच्या पाकिटाच्या जागी चॅट आला, पण ‘कोणीही कोणालाही केव्हाही विचारावे’ ही मांडणी तीच राहिली. म्हणून साधन नवे असूनही दमणूक जुनीच, किंबहुना जास्त.

दोन प्रकार ओळखा

मांडणी बदलायची म्हणजे काय करायचे? माझ्या मते सुरुवात एका फरकापासून करावी. सगळी साधने दोन प्रकारांत बसतात. काही ‘एकाच वेळी’ची असतात: फोन, झूम, समोरासमोरची भेट. काही ‘आपापल्या वेळी’ची असतात: ई-मेल, सामाईक कागद, कामांची यादी. गोंधळ होतो तो चॅटमुळे, कारण तो दिसतो दुसऱ्या प्रकारचा आणि वागतो पहिल्या प्रकारचा. लिहिलेला असतो, पण उत्तर मात्र ताबडतोब हवे असते.

आमच्या गटात आम्ही हळूहळू काही नियम ठरवले. ते येथे देते. आपल्या सोयीने बदलून घ्यावेत.

१. माहिती द्यायची असेल तर लिहा. मतभेद सोडवायचा असेल तर बोला. तिसऱ्या निरोपानंतरही दोघांचे जुळत नसेल तर फोन उचलावा.

२. ठरलेली गोष्ट चॅटमध्ये ठेवू नका. चॅट म्हणजे नदी, दोन दिवसांत सगळे वाहून जाते. निर्णय झाला की तो तारखेसह सामाईक कागदावर उतरवावा.

३. मीटिंगच्या आमंत्रणात ‘काय ठरवायचे आहे’ हे एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिता येत नसेल तर मीटिंगची वेळ अजून आलेली नाही.

४. मीटिंग ६० ऐवजी ५० मिनिटांची आणि ३० ऐवजी २५ मिनिटांची ठेवा. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये १४ जणांच्या मेंदूतील लहरी मोजून पाहिल्या, तेव्हा लागोपाठच्या मीटिंगांत ताण चढत गेलेला आणि मध्ये दहा मिनिटे विश्रांती दिल्यास तो न साचलेला आढळला. प्रयोग लहान आहे, पण करून पाहायला खर्च नाही.

५. दिवसातून सलग दीड-दोन तास सर्व घंट्या बंद ठेवा आणि ते कॅलेंडरवर सगळ्यांना दिसेल असे लिहा. न सांगता गायब झालात तर लोक चिडतात. सांगून झालात तर वाट पाहतात.

‘हाय’ची किंमत एक दिवस

पुण्याशी काम करणाऱ्यांसाठी एक खास मुद्दा. आपली रीत अशी, की आधी विचारपूस आणि मग काम. ‘मॅडम, वेळ आहे का?’ असे विचारल्याशिवाय थेट प्रश्न टाकणे पुण्यातील नव्या मुलांना उद्धटपणाचे वाटते. समोरासमोर ही रीत शोभते; चॅटवर मात्र ती महाग पडते. उन्हाळ्यात पुण्यात सकाळचे ११ वाजलेले असताना आमच्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. ‘हाय मॅडम’ एवढाच निरोप आला. मी सकाळी ९ वाजता ‘हो, बोला’ म्हणते, तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसहा. मुलगा कंपनीच्या बसमध्ये बसलेला. खरा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी कळतो. नमस्कारात एक दिवस गेला!

त्याऐवजी असा निरोप पाहा: ‘मॅडम, नमस्कार. मार्चच्या अहवालातील बेरीज जुन्या यंत्रणेशी जुळत नाही. मी दोन गोष्टी तपासल्या: तारखा बरोबर आहेत, रद्द झालेल्या पॉलिसी मात्र दोनदा मोजल्या जात आहेत. पर्याय दोन: अ) आत्ताच दुरुस्ती, ब) पुढच्या महिन्यात. माझे मत अ. उद्या माझ्या सकाळी १० पर्यंत आपण नको म्हटले नाही, तर अ सुरू करतो.’ नमस्कारही झाला आणि कामही झाले. शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे, कारण मी आजारी पडले तरी त्याचे काम थांबत नाही. आमच्या गटातील मुलांना हे एकदा समजावून सांगितले आणि उद्धटपणा वाटत नाही असा भरवसा दिला, तेव्हा त्यांनी ते आनंदाने उचलले.

घरून काम आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

घरून काम चांगले की वाईट, यावर आपल्याकडे जेवणाच्या टेबलावर वाद होतात. दोन अभ्यास सांगते. २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निक ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधील ट्रिप डॉट कॉम या कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामगिरीत वा बढतीत फरक पडला नाही, आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एकतृतीयांशाने घटले. दुसरीकडे, मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१ हजारांवर कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या नोंदींवरून असे दिसले, की सगळेच घरी गेल्यावर माणसे आपल्याच गटात जास्त बोलू लागली आणि इतर गटांशी असलेले धागे विरळ झाले. नव्या ओळखी कमी झाल्या. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. बढती आणि पुढची नोकरी बहुधा ओळखीतून येते. घरून काम करीत असाल तर दुसऱ्या विभागातील एका माणसाशी आठवड्यातून एकदा तरी, कामाशिवाय, बोला.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मीटिंगचा गोषवारा लिहितात, पत्राचा मसुदा करतात, प्रोग्रॅमही लिहितात. उपयोग होतो का? ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या सुमारे पाच हजार जणांच्या एका अभ्यासात काम सरासरी १४-१५ टक्क्यांनी वाढले, आणि नवशिक्यांचे त्याहून बरेच जास्त. उलट, २०२५ मध्ये मेटर या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्या परिचयाच्या कामावर पाहिले, तेव्हा ही साधने वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि काम झाल्यावरही त्यांना वाटत होते, की आपण २० टक्के लवकर संपवले! तेव्हापासून साधने सुधारत आहेत, आकडेही बदलतील. पण ‘वेगवान वाटणे’ आणि ‘वेगवान असणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा राहील. घड्याळ लावून मोजावे. आणि यंत्राने लिहिलेला गोषवारा पाठवण्यापूर्वी स्वतः वाचावा. खाली नाव आपले असते.

प्रकृतीचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. आपण दक्षिण आशियाई लोक हृदयविकाराच्या बाबतीत मुळातच जास्त धोक्यात. इथले डॉक्टर मार्गदर्शक सूचनांनुसार कोलेस्टेरॉलचा विचार करताना आपला वंशही धरतात. तेव्हा जेवणानंतर फोनवर ‘फक्त दोन मिनिटे’ पाहणे हेही त्या ५५ तासांत मोजा.

झोप प्रौढांना रात्री किमान सात तास हवी. सकाळी ७ चा एक कॉल आणि रात्री साडेनऊचा दुसरा, हे रोज चालले तर गणित जुळतच नाही. भारतात घड्याळ वर्षभर तेच राहते, इथे मात्र ते बदलते. पूर्व किनाऱ्यावरून फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहाचा. कॅलिफोर्नियाहून साडेबारा आणि साडेतेरा. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये प्रत्येक मीटिंग पुन्हा तपासा, कारण कोणाची तरी झोप एका तासाने कापली जाते. आम्ही आता दुखणे वाटून घेतो: एक महिना आम्ही लवकर उठतो, पुढच्या महिन्यात पुणेकर उशिरा थांबतात.

फ्रान्समध्ये जानेवारी २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये असे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. अमेरिकेत असा संघीय कायदा नाही. म्हणून हे आपापल्या गटातच बोलून ठरवावे लागते.

डोळ्यांचेही ऐका. एरवी आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे पाहताना हे ५ ते ७ वर येते, म्हणून डोळे चुरचुरतात. दर २० मिनिटांनी, २० फूट दूर, २० सेकंद पाहावे. फोनवरचे बोलणे पडद्याशिवाय असेल तर उभ्याने किंवा चालत करावे.

खिशाचा हिशेब

ओळखीतील एका गृहस्थांना एके दिवशी सकाळी लॅपटॉप उघडेना. पासवर्ड चुकला असेल म्हणून त्यांनी तीनदा टाकून पाहिला. नंतर फोन आला, की नोकरी संपली. पगाराच्या पावत्या, कामाच्या मूल्यमापनाची पत्रे, एच-१बीच्या मंजुरीची प्रत, सगळे त्या लॅपटॉपमध्ये आणि कंपनीच्या ई-मेलमध्ये. ४०१(के)च्या खात्याचा निरोपही त्याच पत्त्यावर जाई. एच-१बीवरील माणसाला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. त्यातले पहिले दोन आठवडे त्यांचे कागद गोळा करण्यात गेले. घरात दोन मुले, एक शाळेत आणि एक पाळण्यात. नव्या साधनांनी सगळे एका जागी आणले, आणि ती जागा एका क्षणात बंद झाली.

म्हणून:

– स्वतःचे वैयक्तिक कागद (पगाराच्या पावत्या, डब्ल्यू-२, व्हिसाच्या प्रती, विम्याची माहिती) घरी ठेवा. कंपनीच्या कामाचे कागद मात्र स्वतःच्या ई-मेलवर पाठवू नका; त्याने नोकरीही जाईल आणि प्रकरणही अंगाशी येईल.

– ४०१(के), विमा आणि बँक यांच्या खात्यांना आपला खासगी ई-मेल आणि फोन जोडा. आज संध्याकाळी हे एक केले तरी या लेखाचे सार्थक झाले.

– कंपनीच्या चॅटवर ‘खासगी’ निरोप नसतो. तो कंपनी पाहू शकते आणि वेळ आली तर तो न्यायालयातही येतो. पोस्टकार्डावर लिहितो तसेच तिथे लिहावे.

– एच-१बीवर असताना दुसऱ्या महानगर क्षेत्रात राहायला जाऊन घरून काम करायचे असेल, तर जाण्यापूर्वी कंपनीच्या वकिलाला विचारा. कामाची जागा बदलली की सुधारित अर्ज आधी करावा लागतो.

– कंपनी न्यू यॉर्कची आणि आपण स्वतःच्या सोयीसाठी न्यू जर्सीतून घरी काम करीत असाल, तर न्यू यॉर्क ते दिवसही आपल्याच राज्यातले धरून कर लावते. कॅलिफोर्निया आणि इलिनॉय येथे कामासाठीचा आवश्यक खर्च कंपनीने भरून देण्याचा कायदा आहे, तो मागा. पगारदारांना घरातील कार्यालयाची वजावट मात्र संघीय करात २०१८ पासून मिळत नाही.

एक आठवड्याचा प्रयोग

शेवटी एक छोटे काम. येत्या सोमवारपासून पाच दिवस रोज रात्री तीन आकडे वहीत लिहा: मीटिंगांत गेलेले तास, न तुटता केलेल्या कामाचे तास, आणि आदल्या रात्रीच्या झोपेचे तास. फोनवर नव्हे, वहीत. शुक्रवारी तीनही रकान्यांच्या बेरजा करा आणि पुढच्या आठवड्यात फक्त एकच गोष्ट बदला: एक मीटिंग सोडा, एक सकाळ मोकळी ठेवा, किंवा रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरात ठेवा. गणेशोत्सवात भेटू तेव्हा आपले आकडे मला जरूर सांगा. श्रीखंड कोण आणणार ते तक्त्यात लिहिलेले असेलच.